खाजणातला हिशेब

त्या साली बदकं उशिरा आली.
दिवाळी गेली, कार्तिक सरत आला,
भांडुपच्या मिठागरावर नुसते शेकाटे
तांबड्या तंगड्या टाकत हिंडत होते.
केरसी शेठ दर रविवारी पहाटे
काळ्या मॉरिसमधून उतरायचे,
बापाला एकच विचारायचे:
"हासुराम, तुझा पाखरू कुठे मेला?"
बाप खाडीकडे थुंकायचा.
वारा फिरू दे शेठ, म्हणायचा.

मी अकरा वर्षांचा. माझं काम एवढंच:
बार झाला की चिखलात शिरायचं,
कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत,
पडलेलं पाखरू तिवरांच्या मुळ्यांतून उपसून आणायचं.
जिवंत असेल तर वाटेतच मान पिरगळायची.
नगाला चार आणे.

शेठच्या दोस्ताने एकदा कुत्रा आणला, खरा विलायती.
तो पहिल्याच चिखलात रुतला, केकाटत बसला.
त्यालाही मीच आणला.
त्याचे चार आणे कुणी दिले नाहीत.

वारा फिरला मार्गशीर्षात.
अवसेचं उधाण उतरत होतं, हाताला हात दिसत नव्हता,
आणि डोक्यावरून आवाज गेला,
बायांनी शंभर ओल्या गोधड्या एकदम झटकाव्यात तसा.
बाप कुजबुजला, आली.
थापट्या. तलवार बदकं. भुवया.
नावं त्यानेच शिकवली होती मला,
चोचीवर, पिसावर बोट ठेवून.
मेलेल्यांच्या.

एकोणतीस!
झोपडीच्या दारावर बापाने कोळशाने रेघा ओढल्या,
सव्वासात रुपये माझ्या ओल्या चड्डीच्या खिशात,
आणि शेठने थर्मासच्या झाकणातून
स्वतःचा चहा दिला. पुदिना होता त्यात.
मला वाटलं, आता असंच चालणार.

पौषात काडतुसं भिजली.
मग शेठला हिवताप.
मग बदकं शहाणी झाली,
टप्प्याच्या वीस हात पलीकडे उतरायला लागली,
तिथेच अंग फुलवून ऊन खात बसायची.
दारावर एका रविवारी तीन रेघा, एका रविवारी काहीच नाही.
बाप मिठाच्या फळीवर जास्त जोर काढायचा.

माघात एक पडलं ते सापडलंच नाही.
पडताना सगळ्यांनी बघितलं होतं.
भरती छातीला लागेपर्यंत मी हुडकलं,
कालवांनी तळवे चिरले,
शेठ म्हणाले, सोडून दे रे पोरा.
बापाने दारावर अर्धी रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी ते मला तिसऱ्या कोंडीच्या बांधाआड दिसलं.
भुवईची मादी. एक पंख लोंबता.
माझे हात मानेकडे गेले, सवयीने,
आणि तिथेच थांबले. का ते नाही सांगता येत.
मिठाच्या पाटीखाली लपवली तिला,
भाताची शितं टाकली, खाल्ली नाहीत.
रात्री मेली.
आईने काही विचारलं नाही,
फक्त वाटण वाटायला घेतलं.
आम्ही चौघांनी खाल्ली. एक छर्रा माझ्या दाताखाली आला.
दारावरची रेघ मात्र अर्धीच राहिली,
मी बोललो नाही, आईही नाही.

पुढं दोन-तीन वर्षांत बंदी आली.
शेठने बंदूक चौकीत जमा केली,
तरी आणखी दोन रविवार आले,
बांधावर बसले, चहा प्यायले, गेले.

आता हिवाळ्यात मला बोलावणं येतं.
पुलावर दिवे, खाडीत बोटी,
सगळ्यांना रोहित बघायचे असतात, गुलाबी.
बदकांची मोजणी करायला येते ती एकटी मृण्मयी,
तिच्याकडे दुर्बीण, तक्ता, पेन्सिल.
"काका, अंदाजे किती?"
मी डोळ्यांनीच मोजतो,
पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी,
आणि तळवे चपलांत आखडतात.

चारशे बारा, मी म्हणतो.
ती हसते. "चारशे लिहिते."
लिही.
वरच्या बारांचं मी बघतो.