फळीवरचा हात

गोझो बेटावर सगळे जोरात बोलतात, तरी
सावरूमामंजींना काही ऐकू येत नाही.
खुराड्याच्या फळीवर हात ठेवला की मात्र कळतं:
करडी सशीण पुन्हा कान झटकतेय.

आत खपल्या, भिजल्या भुश्यासारख्या.
"ओढू नका!" मी ओरडते. उगाचच.
ते ओढत नाहीतच.
ऑलिव्हचं तेल तळहातात कोमट करतात,
थेंब सोडतात, कानाचं मूळ चोळत बसतात.

दहा दिवसांनी परत; अंडी फुटतात तोवर.
उरलेल्या अकरा जणींनाही, खाजवत नसल्या तरी.
जुनं गवत जाळलं. धूर समुद्राकडे गेला.

जूनच्या सणाला हिचंच कालवण,
लसूण, लाल वाइन, तमालपत्र.
मी पाटीवर लिहून विचारलं: मग एवढं कशाला?

वाचून, नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले,
"तोवर काय खाजत बसू दे तिला?"