छत्तीस घरांचं गाव

ऑर्डर आली तेव्हा एप्रिल.
अक्कलकोट रोडवर शेडचा पत्रा तापून टिकटिकत होता
आणि फोटोत बर्फ.

हॅडलो लेक टाउनशिप.
दीडशे वर्षं पुरी होताहेत म्हणे,
भिंतीवर टांगायला त्यांना आपलंच गाव हवं :
अडीच बाय अडीच फूट, दोनशे नग.
सोबत इतिहास-भूगोलाचं सोळा पानी पुस्तक.
नायनांची शाळा सातवीत सुटली.
मी वाचायचं, त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवायच्या,
एक चौकट, एक तार.

पहिल्याच पानावर म्हणाले, परत वाच.
परत वाचलं : सहा मैल लांब, सहा मैल रुंद,
आत छत्तीस घरं. एक नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात,
तिथून पश्चिमेला सहापर्यंत,
मग एक ओळ खाली उतरून सातवरून उलटं, पूर्वेकडे,
मग पुन्हा मागे.
नायना हसले, तेलुगूत :
अगं, हा तर धोटा!
त्या मोजणीदाराचा बाप साळीच असणार.

तळं मात्र कुणाच्या मापात बसेना.
अकरा, बारा, तेरा, चौदा,
ताटात कलंडलेल्या वरणासारखं पसरलेलं.
काठ वळवायचा तर पायऱ्या पाडाव्या लागतात,
नायनांनी दोन रात्री पायऱ्या पाडल्या.

पुस्तक सांगत होतं :
हिमनदीनं खरवडलेला खड्डा, त्यात पाणी.
(आपलं एकरुखचं तळं टोपल्यांनी माती वाहून बांधलं,
नायना मध्येच म्हणाले, तेही लिहिलंय का कुठं?)
आधी जंगल होतं. मग करवतीची गिरणी आली.
मग जंगल नव्हतं.
मग गिरणी नव्हती.
इथे ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला.
मग लोकांनी तळंच विकलं,
हिवाळ्यात कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, आगगाडीनं.
उन्हाळ्यात कुणाच्या तरी सरबतात विरघळलं ते गाव.

तिसऱ्या पानावर एकच ओळ :
‘तळ्याकाठचे मूळ रहिवासी करारानुसार पश्चिमेस गेले.’
चालत?
लिहिलेलं नाही.
नाव काय त्यांचं?
तळ्याचं जुनं नाव त्यांनीच ठेवलेलं, असं तळटीप म्हणते.
कुठलं, ते म्हणत नाही.

माझा आजा चालत आला, नायना म्हणाले,
करीमनगरकडून, पाठीवर फणी बांधून.
करारबिरार काही नव्हता. भूक होती.

मग निळ्याचं भांडण.
तीन नमुने परत आले.
समितीच्या लुंडक्विस्ट बाईंनी लिहिलं :
आमचं पाणी एवढं आनंदी नाही.
दुसऱ्या दिवशी पहाटे नायना लूना काढून हिप्परग्याला गेले,
पिशवीत सुताच्या अकरा कांड्या.
मे महिना, तळं आटून मधोमध गेलेलं,
काठावर भेगाळलेला चिखल आणि एक म्हैस.
उन्हं वर येईतो ते एकेक तार पाण्यावर धरून बसले.
घेऊन आले तो रंग पारव्याच्या पाठीचा,
निळा म्हणवत नाही असा.
मेल आला : हाच. कसा सापडला?

जूनअखेर माल गेला.
ऑगस्टात बाईंचा पुन्हा मेल :
सगळे खूश आहेत. एक शंका.
दोनशेच्या दोनशे नगांत, एकाच जागी,
चौदामधल्या काठावरून निघालेली तपकिरी तार
पंधरा, सोळा, सतरा, अठरा ओलांडून
किनारीच्या बाहेर लोंबते.
हा विणीतला दोष आहे का?

मी नायनांकडे पाहिलं.
त्यांनी पंचकार्डाचा गठ्ठा नीट बांधला, गाठ मारली.
लिही, म्हणाले, दोष नाही.
वाट आहे.

लिहिलं.
महिना झाला, उत्तर नाही.
पैसे मात्र पूर्ण आले.