बोटभर अंतर

अठ्ठाविसाव्या रात्री, चुलीमागच्या खोक्यात,
सातांपैकी पाच अंडी फुटली.
दोन नुसतीच गार झाली. ती मी
सफरचंदाच्या झाडाखाली पुरली; एप्रिल आहे,
जमीन वरून मऊ, वीतभर आत अजून बर्फ.

पाचातली दोन धडधाकट. त्यांचं काही सांगण्यासारखं नाही.
खातात, हगतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात.

तिसऱ्याचे पाय दोन दिशांना पळालेले.
सांडल्यासारखं पोटावर पडून राही.
शेजारचा आर्विड्स दारातूनच म्हणाला,
"मान मोड, आउस्त्रा. बदकांना काय तोटा?"
मी म्हटलं, तुझ्या बिअरचं यीस्ट उरलंय का, तेवढं सांग.
गुरगुरत गेला, आणि लोणच्याच्या बरणीत
तपकिरी, आंबूस गाळ घेऊन आला.
तो मी तव्यावर वाळवला,
चिमूट चिमूट भरड्यात मिसळला.
खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरतात;
यानिसचा जुना टॉवेल अंथरला.
आता त्याला तो लागत नाही.
मग दोन्ही पायांना चिकटपट्टीची बेडी,
मधे बोटभर अंतर.
जास्त सोडलं तर पाय पुन्हा फाकतात,
कमी सोडलं तर पिल्लू तोंडावर आपटतं.
बोट कुणाचं, हे कुणी सांगत नाही.
मी करंगळी धरली.

चौथं घाई करून बाहेर आलं.
पोटाखाली वाटाण्याएवढा बलक,
आत जायचा राहिलेला.
त्याला चहाच्या कपात बसवलं, ओल्या कोमट फडक्यावर,
म्हणजे ते हलणार नाही, बलक फुटणार नाही.
दोन रात्री दर तासाला उठले.
तिसऱ्या रात्री उठले नाही.
सकाळी कप धुतला, त्यातच चहा घेतला.
घरात दुसरे कप नाहीत असं नाही.

पाचव्याची मान उलटी वळायची.
छताकडे बघत बघत मागे जायचं,
खोक्याला धडकायचं, पुन्हा बघायचं.
ई जीवनसत्त्वाची गोळी टाचणीनं टोचून
चोचीच्या कडेला एक थेंब,
वर उकडलेल्या अंड्याचा बलक.
बदकाच्या पिल्लाला अंडं भरवतेय,
देव बघत असेल तर बघो.

रविवारी दाग्नियाचा फोन आला, लिमरिकहून.
तिथल्या वृद्धाश्रमात ती बारा म्हाताऱ्यांना
उठवते, पुसते, भरवते.
"झोपतेस का नीट?" तिनं विचारलं.
मी फोन खोक्याकडे वळवला.
बराच वेळ बघत राहिली. मग एकदम नर्सच्या आवाजात:
"मान धरून पाज, आई. हनुवटीखाली बोट ठेव, वर ढकलू नकोस.
आमच्या मिसेस कीननना मी तसंच पाजते."
मी म्हटलं, बदकाला हनुवटी नसते.
ती हसली. पाच महिन्यांनी ऐकलं मी ते हसणं,
नाकातून येणारं, बापासारखं.
फोन ठेवल्यावर बोट ठेवून पाहिलं.
पिल्लू प्यालं.

पाणी बशीत देते, खाली खडे घालून.
नाकपुड्या बुडाव्यात, पिल्लू बुडू नये.
"बदक आणि बुडेल?" आर्विड्सला पटत नाही.
तो रोज येतो आता, काहीतरी कारण काढून;
परवा बर्चच्या रसाची बाटली, काल नुसताच.
आईच्या पिसांचं तेल अंगाला लागलेलं नसतं रे,
मी सांगते, तोवर पाणीसुद्धा परकंच.

आज तिसऱ्याची पट्टी कापली.
नखांची कात्री, आर्विड्सच्या ओंजळीत पिल्लू,
माझ्यापेक्षा त्याचाच हात जास्त थरथरत होता.
खाली सोडलं.
उभं राहिलं. दोन पावलं टाकली.
आणि तिथेच, त्याच्या बुटावर, शिटलं.
आर्विड्स हललासुद्धा नाही.

पाचव्याची मान दिवसा सरळ राहते.
रात्री, दिवा मालवण्याआधी,
अजून एकदा छताकडे बघतं.
छताला काही नाही.
मी पाहिलंय, स्टुलावर चढून.