कात्रीतली खाच

हिवाळाभर खोललं, धुतलं, मोजलं.
नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, हेड घासून आरशासारखं,
आणि आता ला पोर्फियादाचं इंजिन
ठोके देतंय, आत कुणी कोंडलंय
आणि ते दार वाजवतंय, असे.

नोल्बेर्तो काठावर उभा. बोलत नाही.
त्याचं गप्प राहणं मला कळतं:
पैसे दिलेत, असं ते म्हणतं.

पहिला संशय हवेवर. सोपं असतं ते,
हवा उलटून बोलत नाही.
फिल्टरवरचा नट सैल केला, हाताने पंप मारला,
फेस आला, बुडबुडे आले, संपले,
मग डिझेल सरळ, मनगटावरून कोपरापर्यंत.
चालू केलं. ठोके.

मग एकेक नळी सोडून पाहिली.
पहिल्या सिलेंडरची सोडली, इंजिन लंगडलं.
दुसऱ्याची सोडली, तितकंच लंगडलं.
म्हणजे दोघंही कामावर, दोघंही चिडलेले.
व्हॉल्व्हच्या फटी बरोबर.
गिअरवरच्या खुणा दाताला दात,
आईची शपथ, मी दोनदा पाहिल्या होत्या.

चिलोएत ओहोटी सहा मीटर उतरते.
दुपारी बोट खडीवर कुशीला कलते
आणि आपण आत तिरपे उभे,
थंडाव्याची नळी बादलीत सोडून,
पाना हातात, कान इंजिनाला,
आपली चूक कुठल्या कोनात निजलीय ते शोधत.
उघड्या पडलेल्या पंख्यालाही मी सोडलं नाही.
दोन शिंपले चिकटलेले. बाकी निर्दोष.

चौथ्या दिवशी दोन्या एदुविना आली,
नोल्बेर्तोची आई, फडक्यात बटाट्याच्या गरम मिल्काओ घेऊन.
खाली उतरली नाही. वरूनच ऐकलं
आणि म्हणाली, "दोसितेओचा पत्रा कुठाय?"

कसला पत्रा?

"त्या पंपाखालचा. माझ्या जॅमच्या डब्याचा.
माझ्याच कात्रीने कापला मेल्याने,
तेव्हापासून प्रत्येक कापडाला एकाच जागी झटका बसतो."

मी खाली बसले.
पंपाखालची ती काळी, चिकट चकती
मी जुनं गॅस्केट समजून खरवडून काढली होती,
स्वच्छतेच्या हौसेने, गाणं गुणगुणत,
आणि भंगाराच्या बादलीत टाकली होती.
तेवढ्या जाडीने पंप खाली बसला
आणि डिझेल लवकर पोहोचू लागलं, घाईने,
पाहुण्यांआधी जेवायला बसणाऱ्यासारखं.

बादली उपसली. सापडली नाही.
पुस्तकात दोसितेओ नव्हता.
पुस्तकात कारखान्यातलं नवं इंजिन होतं,
ज्याने अजून कुणाचीच बोट ओढली नव्हती.

घरी जाऊन तिने कात्री आणली.
खाच खरंच होती, पात्याच्या मध्याच्या थोडी पुढे,
तांदळाच्या कणीएवढी.
डबा मात्र या वेळी पीचचा.
मी पत्रा कापला, भोकं पाडली, कडा घासल्या.
एक घातला: ठोके मऊ झाले, गेले नाहीत.
दुसरा घातला. नटं आवळली.

तोवर भरती बोटीखाली शिरली होती,
कलंडलेली भिंत हळूहळू सरळ होत होती.
चालू केलं. पांढरा धूर, खोकला, एक उचकी,
आणि मग ते
नेहमीच्या वाटेने घरी निघालेल्या माणसासारखं
चालू लागलं.

दोन्या एदुविनाने मान तिरकी करून ऐकलं, बराच वेळ.
"त्याच्या हातचं याहून जरा जड वाजायचं," म्हणाली,
आणि कात्री पदरी बांधल्यासारखी
एप्रनच्या खिशात घालून निघाली.

नोल्बेर्तोने दोर सोडला.
पाण्याच्या पंपाच्या सीलमधून
एक थेंब गळतोय, मला दिसतोय.
त्याचं मी उद्याच्या ओहोटीला बघेन.
जुनं सील आहे. यावेळी
काढण्याआधी कुणाला तरी विचारेन.