बाया ९

समाजमंदिरातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर
आम्ही दर रविवारी वह्या उघडतो.
जाळी काढायची, धुतलेली सुती चादर अंथरायची,
पंखा बंद,
आणि घाम पानावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल.

एकूण एकतीस वह्या. मिठागराच्या, बांधबंदिस्तीच्या,
एक नुसती उधारीची.
हसुरामकाकांच्या घरी तांदळाच्या पिंपात होत्या,
कडुलिंबाच्या पाल्यात,
म्हणून कसरीनं खाल्ल्या त्या फक्त कडा.
ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे गेलं,
तिथून कुठे गेलं
याला तीन अर्जांनंतर एकच उत्तर आहे:
शोध चालू आहे.

काका मोडी वाचतात, मी देवनागरीत उतरवते.
तुषार फोनवर फोटो काढतो,
प्रत्येक पानाशेजारी शाळेची पट्टी ठेवून.
शिलोत्री म्हणजे काय, खांड म्हणजे काय,
त्याला सगळं सांगावं लागतं.
उघाडी कुठे होती हो काका?
काका खिडकीबाहेर बोट करतात,
‘पेट्रोल पंपावर हवा भरतात ना,
त्याच्या बरोबर खाली.’

वही सातवी, पान बावन्न. शके १८७२.
पौष अमावास्येच्या उधाणानं बांधास खांड पडली.
रात्री कामास आले:
धाया जोमा, चांगो पोसू, हिरू काथोड,
पुढे आणखी चौदा पुरुष, बापाच्या नावासकट,
कोणी किती पाट्या माती टाकली तेही.
आणि खाली, शाई संपत आल्यासारखं,
बाया ९.

मी पान उलटून पाहिलं. मागे गुळाचा हिशेब होता.

कोपऱ्यात यसूमावशी तांदूळ निवडत बसली होती,
संध्याकाळी हॉलमध्ये म्हात्र्यांची हळद.
सुपातून मान वर न काढता म्हणाली,
‘बायांची नावां कोनी इचारली व्हती?
लिव. चांगी, पोशी, नामी, बारकी.
दोन हिऱ्या, एक थोरली, एक गोरी.
धर्मी. आनि माझी आय.’

आठ झाल्या, मावशी.
‘आठच व्हत्या.’

काकांनी भिंग घेतलं.
दर बाईस सहा आणे. बायांस एकूण रुपये तीन.
तुषारला आणे येत नाहीत, मलाही बोटं मोजावी लागली:
तीन रुपयांचे अठ्ठेचाळीस आणे,
म्हणजे आठच बायांची मजुरी.
माणसं नऊ, पैसे आठांचे.
कारकुनाची चूक, काका म्हणाले.

सूप थांबलं.
‘मी व्हते ना. धा वर्षांची.
कंदील धरून उभी, कमरेएवढ्या चिखलात.
आय वरडत व्हती, हलवू नको, हलवू नको.’
मग बराच वेळ खडे शोधल्यासारखं करून
‘पैसं नाय दिलं, पन
मोजली व्हती माना.’

जुन्या पानावर लिहायचं नाही, हा काकांचा नियम.
पेन्सिलसुद्धा नाही.
मी वेगळ्या चिठ्ठीवर नऊ नावं लिहिली,
खाली ‘तोंडी माहिती’, तारीख, मावशीचा अंगठा.
काकांनी नवव्या नावापुढे
‘कदाचित’ लिहायला लावलं.
मी वाचून दाखवलं.
‘त्या कदाचित काढ.’
‘काढता येत नाही गं यसू.
उद्या कोणी विचारलं तर?’
‘तू व्हता का तवा? तुझा जन्म तरी झालता का?’
‘नव्हतो, म्हणून तर.’

तेवढ्यात डीजेवाले आले,
दोन स्पीकर दारातच अडकले,
हळदीवाल्यांना टेबल हवं होतं, आत्ता.
आम्ही चादरीसकट वह्या उचलल्या.
चिठ्ठी मी पाकिटात घातली, पान बावन्नला लावली.
कदाचित अजून त्यात आहे.
मावशी माझ्याशी बोलत नाही,
पण दर रविवारी येते,
निवडायला तांदूळ नसले तरी,
आणि काका वही उघडायच्या आधी विचारते,
आज कुठलं पान.