नाडीची वही

उठण्याआधी मोजायची नाडी,
पाय जमिनीला लागण्याआधी,
आईने हाक मारण्याआधी,
असा लेतेब्रहानचा नियम.
दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळाच्या काट्यावर,
येईल तो आकडा वहीत.
फेब्रुवारीत माझे अठ्ठेचाळीस होते.
आज एकसष्ट.
मी अठ्ठेचाळीस लिहिले.

अस्माराची हवा पातळ,
पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या ताकासारखी.
त्या हवेत आम्ही अकराजणी निघतो
जुन्या इटालियन दुकानांच्या बंद दारांसमोरून;
आवाज चेनचा तेवढा, आणि कुणाच्या तरी सर्दीचा.
नेफासितकडे उतरताना ढग आमच्या खाली असतात.
उतरणं कुणालाही येतं.

परत चढताना, सातव्या वळणावर,
उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली
कुणीतरी तेफचा दाणा ठेवतं,
इतका बारीक, की राई त्यापुढे थोराड.
आधी दाणा.
पुढच्या आठवड्यात खडा.
मी दातओठ खाते आणि जड गिअर टाकते,
कारण मागे सेलिहोम आहे,
आणि सेलिहोमचा श्वास मला पाठीनेही ओळखू येतो.

लेतेब्रहान मालिश करते
सिनेमाघराच्या मागच्या खोलीत, एका लोखंडी खाटेवर.
बाविसाव्या वर्षी ती डोंगरात जखमा बांधायची.
तिची बोटं माझ्या मांडीवर, वाटीच्या वर, थांबली.
बोलली काही नाही.
उठली, मला सायकलवर बसवलं, भिंतीला धरून,
आणि ओळंबा सोडला, दोऱ्याला बांधलेला नट,
गुडघ्यापासून पेडलपर्यंत.
"सीट कुणी खाली केली?"
मीच.
(सेलिहोम तशी बसते. वाकून, मांजरीसारखी.)
"किती?"
पाच-सहा नाणी एकावर एक ठेवावीत, एवढीच.
"मिनिटाला ऐंशी वेळा," ती म्हणाली,
"चार तास. कर हिशोब.
एवढं कर्ज काढतेस, ते फेडणार कोण?"

मग वही मागितली.
नऊ दिवस ओळीने अठ्ठेचाळीस.
"माझं घड्याळसुद्धा
इतकं नेमानं चालत नाही."

तिने रागवायला हवं होतं.
तिने कॉफी केली.
शेगडी, दाणे भाजल्याचा धूर, आलं;
तीन फेऱ्या, आणि तिसरी सोडून उठायचं नाही.
तिसऱ्या कपाला तिने झगा वर सरकवला.
उकडून सोललेल्या बटाट्यासारखा गुडघा,
त्यावर एक शिवण, घाईत घातलेली.
"हा मी अंगावर काढला.
तेव्हा थांबायची सोय नव्हती.
तुला आहे."

वाटेत मला आठवत राहिलं
मी स्वतःलाच सांगितलेलं: गुडघे टेकायचे नाहीत.
आणि टेकायला उरलेच नाहीत तर?

चौदा दिवस.
झोप नऊ तास. भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक.
पालेभाजी, मसूर, पुन्हा पालेभाजी.
दारात सायकल, तिच्याकडे बघायचं नाही.
मी बघितलं.
एकदा हँडललाही हात लावला,
गुरं बाजारात हात लावून बघतात तसा.

शर्यतीच्या रविवारी मी सातव्या वळणावर उभी,
पायात प्लास्टिकच्या सँडल, हातात पाण्याच्या बाटल्या.
निवडुंगाची फळं विकणारी मुलं मला विचारत होती,
तू का नाहीस?
मी म्हटलं, आहे ना, इथे.
त्यांना ते पटलं नाही. मलाही नाही.

सेलिहोम पहिली आली.
न बघता तिने बाटली हिसकावली, पाणी माझ्याच अंगावर सांडलं,
आणि ती वळणाला लागली तेव्हा
मी तिला प्रथमच मागून पाहिलं.
आजवर मागे तीच असायची.
तिचा डावा गुडघा प्रत्येक फेरीला
किंचित आत वळत होता,
चुलीकडे वळून बघावं तसा.
जिंकणाऱ्या बाईला हे सांगावं?
की तिच्या दाण्याचा खडा होऊ द्यावा?
घरी पोचेपर्यंत हा प्रश्न
माझ्या खांद्यावर रिकाम्या बाटल्यांसारखा वाजत होता.

सोमवार. दोन बोटं, घड्याळ.
त्रेपन्न.
लिहिले त्रेपन्न.
आणि त्याखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी:
सेलिहोम, डावा गुडघा, आत वळतो.
आज सांगायचं.