कांबिओ

संध्याकाळी सहाला नापो नदीवरची अठरा आरोग्यकेंद्रं
एकाच लहरीवर येतात.
पत्र्याखाली दिवसभर ऊन खाल्लेली बॅटरी,
माइकची वायर मी चिकटपट्टीनं बांधलेली.
आपलं बोलून झालं की म्हणायचं, कांबिओ.
म्हणजे: आता तू.

खासगी असं इथे काही नाही.
कुणाच्या पोराला जंत, कुणाला साप चावला,
कुणाचा नवरा केंद्राची होडी घेऊन पळाला,
सगळं सगळ्यांना कळतं.
पहिल्या वर्षी मी प्रश्नच विचारत नसे.
विचारायचं म्हणजे अठरा गावांसमोर
आपलं अज्ञान दोरीवर वाळत घालायचं.

मग जूनमधली ती रात्र. नदी पायरीला लागलेली.
एदिल्सा मुरायारी बाळंत झाली, वार पडली,
रक्त मात्र थांबेना.
इकितोसहून डॉक्टर सांगत होते:
ऑक्सिटोसिन दे, पोट चोळ, नाडी सांग.
दिलं. चोळलं. सांगितली.
तळव्याखाली गर्भाशय
सैल मळलेल्या पिठासारखं.
मग डॉक्टरांचा आवाज खरखरीत विरघळला
आणि उरलं नुसतं ढगांचं भांडण.

तेवढ्यात दोन वळणं वरच्या केंद्रातून
एक म्हातारा, बायकी आवाज. कुणी न बोलावता.
दोन्या ग्रिमानेसा. सुईण होती, आता तिथली फरशी पुसते.
"पोरी, तिला लघवी झाली का?"

झाली नव्हती. दुपारपासून.

नळी घातली. भांडं भरलं.
आणि हाताखाली काहीतरी आवळत आवळत
पपनसाएवढं घट्ट झालं.

बाकीची केंद्रं लहर मोकळी ठेवून गप्प होती.
त्यांचे श्वास ऐकू आले असं म्हणणार नाही;
बटण दाबल्याशिवाय रेडिओत श्वाससुद्धा येत नाही.

डॉक्टर अर्ध्या तासानं परत आले.
काय केलंस? सांगितलं.
थोडी खरखर. मग म्हणाले,
"त्या बाईंचं नाव पुन्हा सांग. लिहून घेतो."

सकाळी एदिल्सा डोळे मिटूनच म्हणाली,
"रात्रीचा आवाज ग्रिमानेसाचा ना?
आमचं बोलणं बंद आहे तिच्याशी.
चार वर्षं. एका कोंबडीवरून."

मी माइक तिच्या उशाशी ठेवला,
बटण दाबून धरलं,
आणि म्हणाले,
कांबिओ.